अकरा महिन्यांची वेल

भिंती अजून मोठ्यानं बोलत असत, तेव्हाची ही गोष्ट. भाड्याच्या एका खोलीत मृदुला नावाची नर्स राहायला आली. घरमालक म्हणाले, "भिंतीला खिळा मात्र ठोकायचा नाही हं, बाई." ते ऐकून भिंत आणखीच ताठ झाली.

मृदुलानं तोटी तुटलेल्या किटलीत मनीप्लांटची वेल लावली आणि जुन्या साडीच्या काठानं ती खिडकीच्या गजाला बांधली.

भिंत वेलीला म्हणाली, "अगं, करार अकरा महिन्यांचा आहे. कशाला एवढी वाढतेस? टेम्पो आला की चाललीस."

"जाईन की," वेल म्हणाली. "पण आज बाई दमून येणार आहेत." आणि तिनं नवं पान उलगडलं.

संध्याकाळी मृदुला आली. ओल्या फडक्यानं तिनं एकेक पान पुसलं आणि वेलीखाली चहा घेऊन बसली. तिच्या कपाळावरची आठी हळूहळू मावळली. भिंत रोज हे बघायची. इतक्या वर्षांत आपल्याला हे कधी जमलं नव्हतं, हे तिला कळायचं.

अकरा महिने भरले, टेम्पो आला. जाताना मृदुलानं वेलीची एक फांदी पाण्याच्या बाटलीत ठेवली. "नवीन येतील त्यांना असू दे," ती घरमालकांना म्हणाली.

दार लागलं. रिकामी खोली घुमू लागली. बाटलीतल्या फांदीनं भीतभीत विचारलं, "भिंतीबाई, मी इथं किती दिवस?"

"ते राहू दे," भिंत म्हणाली. "सकाळचं ऊन डावीकडून येतं. तिकडं तोंड कर."