खेळाकडे पाठ करून बसणारा वानर

एका जंगलात एक माळ होता आणि त्या माळावर जनावरं फुटबॉल खेळत असत. हसू नका. तुम्ही शाळा बुडवून खेळता ते चालतं, आणि जनावरांनी खेळलं की हसू येतं? चेंडू सुगरण पक्षी गवताचा विणून देत. हरणं पुढं खेळत, ससे मधे पळत, आणि गोलात एक तरणी वानरी उभी राही, कारण अख्ख्या संघात चेंडू झेलण्याजोगे हात तिलाच होते. साळिंदरालाही खेळायची फार हौस. पण त्यानं एकदा डोक्यानं चेंडू मारला आणि सुगरणीचं दोन दिवसांचं काम काट्यांत अडकून बसलं. तेव्हापासून त्याला बघणाऱ्यांत बसवलं होतं.

माळ काही फार चांगला होता असं मी म्हणणार नाही. एका अंगाला उतार, एका कोपऱ्यात वारूळ. बसायला धोंडे. पुढच्याची शिंगं मागच्याच्या डोळ्यांत जायची. पण चारी बाजूंनी मोकळा होता. कुठूनही यावं, कुठूनही जावं. आणि कडेला ऐनाचं एक उंच झाड होतं.

त्या झाडावर गोलकीपर वानरीचा आजा बसे. खेळाकडे पाठ करून.

का, ते सांगतो. जंगलात बिबट्या होता. चेंडूकडं बघणारं जनावर दुसरं काहीच बघत नाही, हे बिबट्याला माहीत होतं, आणि माळावरच्या जुन्या जनावरांनाही माहीत होतं. म्हणून त्यांनी एक रीत घालून दिली होती. सामना चालू असेपर्यंत एकानं खेळाकडे पाठ करायची आणि रानाकडं बघत बसायचं. मागं गोल होवो, भांडण होवो, मान वळवायची नाही. बिबट्या दिसला की "खक्! खक्!" असं ओरडायचं. ते ऐकलं की सगळ्यांनी खेळ टाकून वाट फुटेल तिकडं पळायचं. आज्यानं हे काम जन्मभर केलं. बिबट्या किती वेळा आला आणि उपाशी परत गेला. आभार कुणी मानले नाहीत. उलट रंगलेला सामना मोडला म्हणून कावळा फांदीवर बसून आज्यालाच शिव्या घालायचा.

आज्याची नात एवढी नावाजलेली, पण तिचा खेळ त्यानं कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता. पाठीमागच्या ओरड्यावरून ओळखायचं. "हाऽऽ" झालं तर चेंडू आत गेला, "होऽऽ" झालं तर तिनं अडवला. बाकीचं साळिंदर सामना संपल्यावर झाडाखाली येऊन सांगे.

"आज तीन अडवले. एक तर असा, गड्या, उजवीकडं आडवी झेप घेतली..."

"उजवीकडं? तिचा डावा हात चांगला आहे."

"बघितलं कुणी? तू का मी?"

"तू."

"मग गप ऐक की!"

आणि आजा गप ऐके. दोनदा, तीनदा सांगायला लावी.

संघाचा कारभार कोल्हा बघत असे. त्याला स्वतःला चेंडूला पाय लावता येत नव्हता. ज्याला खेळता येत नाही त्याच्याकडं कारभार कसा जातो ते मला आजवर कळलेलं नाही, तुम्हाला कळलं तर मला सांगा. एका दुपारी त्यानं सगळ्यांना ऐनाखाली बोलावलं आणि म्हणाला, "आपण नव्या मैदानावर जायचं. डोंगराच्या पोटात खडकाची एक वाटी आहे. मधे सपाट हिरवळ, भोवती पायऱ्या पायऱ्यांचा कातळ. शेकड्यांनी बसा, कुणाची शिंगं कुणाला लागणार नाहीत. आणि चहूकडून असा ताठ कडा, की बिबट्याच्या बापालाही उतरता येणार नाही."

एक तरणं हरीण लगेच पुढं आलं. "जाऊयाच! नदीपलीकडचे आपल्याला वारूळवाले म्हणून चिडवतात. त्यांच्या मैदानावर गेलो की पोरंटोरं विचारतात, मुंग्या आणल्यात का बरोबर?"

"चिडवू देत," म्हातारी सशीण म्हणाली. "त्या वारुळाला वळसा घालून गोल करायला त्यांना अजून जमलेलं नाही. मी याच गवतात जन्मले. माझ्या आईनं मला याच धोंड्यावर बसवून पहिला सामना दाखवला."

"मग धोंडा घेऊन चल ना, आजे!" कावळा वरून ओरडला. सगळी हसली.

साळिंदरानं अंगावरचे काटे जरा फुलवले आणि विचारलं, "त्या वाटीत शिरायला वाटा किती?"

"एकच," कोल्हा म्हणाला. "कड्यात एक फट आहे. म्हणून तर भीती नाही. फटीत दोन रानडुकरं उभी करू. आहे कुणाची छाती आत यायची?"

"आत यायला एक, ते कळलं. बाहेर पडायला किती?"

"ओ काटेवाले," कावळा म्हणाला, "मॅच बघायला जायचंय की पळायला?"

यावर तर असा हशा पिकला की साळिंदराचं पुढचं बोलणं कुणाला ऐकूच गेलं नाही. पोरांनो, ध्यानात ठेवा, त्या दिवशी त्या एकानं नेमका प्रश्न विचारला होता, आणि त्याला उत्तर म्हणून हसणं मिळालं.

मग शेपट्या वर करायची वेळ आली. त्यांच्यात ठराव असाच होई. ज्याला पटलं त्यानं शेपटी वर करायची. सशांच्या शेपट्या मोजताना नेहमी भांडण व्हायचं, त्या दिवशीही झालं. शेवटी अर्ध्या शेपट्या वर, अर्ध्या खाली. आणि जुन्या रीतीप्रमाणं मैदानाच्या बाबतीत पाठ करून बसणाऱ्याची शेपटी वर गेल्याशिवाय ठराव होत नसे. सगळ्यांनी ऐनाकडं पाहिलं. वानराची लांब शेपटी खाली लोंबत होती.

"मला पटत नाही," आजा म्हणाला. "तिथं झाड नाही. मी बसू कुठं?"

कोल्हा झाडाच्या बुंध्याशी गेला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाला, "आजोबा, तुम्ही पहिल्या पायरीवर बसायचं. मानानं. खेळाकडे तोंड करून. रानाकडं बघायची गरजच नाही, तिथं चारी बाजूंना दगड आहे. जन्मभर आमच्यासाठी पाठ केलीत, आता जरा वळून बघा. सगळं जंगल तुमच्या नातीचा खेळ बघतं, आणि तुम्हीच तेवढे साळिंदराच्या तोंडून ऐकता?"

तेवढ्यात नात बुंध्यावरून सरसर वर आली आणि त्याच्या शेजारी बसली.

"आजा, चल की," ती म्हणाली. "मी चेंडू धरला की पहिल्यांदा तुझ्याकडंच बघते. आणि मला रोज तुझी पाठच दिसते."

शेपटी वर गेली. झटकन नाही, हळूहळू गेली, पण गेली. आता तुम्ही म्हणाल, म्हातारा चुकला. चुकलाच. मी कुठं नाही म्हणतो? पण उद्या तुम्ही आजे झालात आणि नातीनं तसं म्हटलं, तर तुम्ही काय कराल ते आधी सांगा.

खडकाच्या वाटीत पहिला सामना नदीपलीकडच्या संघाशी ठरला. दुपारपासून जनावरांची रीघ लागली. एकेकाला त्या फटीतून आत जायला इतका वेळ लागत होता की मागची रेटारेटी करत होती. फटीत दोन रानडुकरं छाती काढून उभी होती. कोल्हा आत आलाच नाही. तो वर कड्याच्या माथ्यावर बसला होता, तिथून सगळं छान दिसतं म्हणाला. साळिंदर आलं होतं. शिव्या देत आलं, पण आलं. आपला संघ खेळत असताना घरी बसवतं कुणाला?

आज्याला पहिल्या पायरीवर बसवलं. बसताच तो सवयीनं पाठ करून बसला. पुढ्यात हातभर अंतरावर नुसता खडक.

"म्हातारबा, काय बघताय?" कावळा ओरडला. "दगड पळून जाणार आहे का?"

सगळी हसली. आज्यालाही हसू आलं. आणि जन्मात पहिल्यांदा तो सामना चालू असताना वळला.

समोरच नात उभी होती. तिच्या गोलाच्या पाठीमागंच ती फट होती. पलीकडच्या भेकरानं चेंडू असा हाणला की ससे आडवे झाले. चेंडू वर कोपऱ्यात चालला होता. वानरी उडाली. डावीकडं. शेपटी मागं ताणलेली, एक हात पुढं, आणि हवेतच तिनं तो चेंडू बोटांत असा अलगद घेतला, जसं फांदीवरचं फळ घ्यावं. खाली आली, चेंडू पोटाशी धरला आणि आज्याकडं बघितलं. या वेळी पाठ नव्हती. तोंड होतं.

"होऽऽऽ!" अख्खी वाटी उठली. कडे तो आवाज परत फेकत होते, एकाचे दहा होत होते. फटीतल्या रानडुकरांनाही राहवलं नाही. दोघंही मान वळवून आत बघायला लागली.

आज्याच्या नजरेला नातीच्या खांद्यावरून फट दिसली. फटीत बिबट्या उभा होता.

"खक्! खक्! खक्!"

कुणाला ऐकू जाणार? कड्यांमधे तो आवाज सगळ्या आवाजांसारखाच एक झाला. कावळ्यानं पंख फडफडवले आणि म्हणाला, "बघा, बघा! म्हातारा पण ओरडायला लागला!" सगळी अजून जोरात ओरडली.

नातीला मात्र कळलं. ती ओरड ती लहानपणापासून ऐकत होती. तिनं चेंडू टाकला आणि चढायला झाड शोधलं. तिथं झाड नव्हतं. ती ताठ कातळावर उडाली, नखं घसरली, आणि खाली आली.

बिबट्यानं तिला एकटीलाच उचललं आणि आला तसा फटीतून गेला. त्याला एवढंच हवं होतं. त्या दिवशी आणखी सहा जनावरं मेली, ती बिबट्यानं मारलेली नाहीत. तो गेल्यावर सगळी एकदम त्या एका फटीकडं धावली. खालच्या सशांवर हरणं, हरणांवर डुकरं. म्हातारी सशीण तिथंच गेली. कड्यावरून कोल्हा ओरडत होता, "रांगेनं! रांगेनं!"

कोल्ह्यानं बिबट्याला निरोप धाडला होता का, असं पुष्कळांनी मला विचारलं. मला माहीत नाही. शेकडो जनावरं एका खड्ड्यात जमून बोंबलत होती, निरोप कशाला हवा होता? बिबट्या खाऊन उठल्यावर मागं उरतं ते कोल्ह्याला मिळतं, हे मात्र सगळ्या जंगलाला आधीपासून ठाऊक होतं. कुणी मनावर घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोल्ह्यानं पुन्हा सभा घेतली. म्हणाला, झालं ते वाईट झालं, आता फटीत चार डुकरं उभी करू. कावळ्यानं विचारलं, अर्धवट राहिलेला सामना पुन्हा पहिल्यापासून खेळायचा की तिथूनच पुढं? यावर भांडण लागलं, आणि खरं सांगतो, मेलेल्यांवर जेवढं बोलणं झालं त्याच्या दुप्पट या भांडणावर झालं. शेवटी अर्धी जनावरं वाटीतच खेळत राहिली. अजून खेळतात. तिथली हिरवळ चांगली आहे म्हणे.

बाकीची माळावर परत आली. आजा ऐनावर चढला आणि खेळाकडे पाठ करून बसला. गोलात आता एक मुंगूस असतं. "हाऽऽ" होतं, "होऽऽ" होतं. आज्याचे कान हलत नाहीत, डोळे रानावरून निघत नाहीत.

सामना संपला की साळिंदर सवयीनं झाडाखाली येतं. येतं खरं, पण सांगायला काही नसतं. ते नुसतं उभं राहतं. मग आजाच वरून बोलायला लागतो.

"डावीकडं उडाली. शेपटी अशी मागं ताणलेली. एकाच हातानं घेतला."

साळिंदरानंही तो झेल पाहिला होता. तरी ते गप ऐकतं. दोनदा, तीनदा.

तात्पर्य : जागा बदलण्याआधी एवढं बघा, की जुन्या जागी तुमच्यासाठी पाठ करून कोण बसलं होतं, आणि नव्या जागी ते काम कोण करणार आहे. सगळ्यांनाच खेळ बघायचा असेल, तर बिबट्याला बघणारं कुणी उरत नाही.