सोनकीच्या ओठांवरचा गूळ

डोंगराच्या कुशीत एक इवलंसं गाव होतं. तिथली थंडी भारी आगाऊ! बाकीच्या गावांत ती दार वाजवून येते, इथं मात्र भिंतीच्या फटीतून, कौलांच्या सांदीतून घुसायची आणि घरातल्या सगळ्यांचे गाल ओरबाडून जायची. सकाळी उठावं तर अंगणात दुधासारखं धुकं, गवताच्या पात्यापात्यावर मोत्यांची दाणेदार नक्षी. दिसायला काय सुरेख! पण आरशात बघावं तर गाल खडबडीत आणि ओठांना भेगा.

या गावात सोनकी राहायची. सोनकी म्हणजे पावसानंतर डोंगरावर फुलणारं पिवळंधमक, चिमुकलं फूल. त्या फुलावरूनच आईनं तिचं नाव ठेवलं होतं. पण या थंडीत बिचारीचं फूल पार कोमेजलं होतं. गालांवर पांढरे पापुद्रे आलेले, खालच्या ओठाला मधोमध लालबुंद चीर पडलेली. हसायला गेली की ओठ चर्र करून फाटायचा. म्हणून सोनकीनं हसणंच सोडून दिलं होतं. आठ वर्षांच्या मुलीनं हसणं सोडावं, म्हणजे काय झालं हो!

तिचे आबा गावच्या गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालायचे. उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळून उकळून गूळ होतो ना, त्या काहिलीखालची ती भलीमोठी चूल म्हणजे चुलवाण. आई शेतावर ऊस तोडायला जायची. आणि घरी होती ठकू, सोनकीची चिमुकली बहीण. गोबरी, टकलू, नुकताच एक दात आलेली. ठकूचं एक गुपित होतं. ती हसायची फक्त सोनकी हसली की. ताईनं हसायचं आणि ठकूनं त्या हसण्याला उत्तर द्यायचं, असा त्या दोघींचा खेळ होता. आता ताईच हसेना, तर ठकू कशाला हसतेय!

नुसतं हसणं गेलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण ठकूचेही गाल फुटले, ओठ तडकले, आणि दूध प्यायला तोंड लावलं की ती कळवळून रडायची. कालपासून तर तिनं दुधाला तोंडच लावलं नव्हतं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं.

"सोने, जा बाई," आई म्हणाली. "तानूकाकीकडनं सुपारीएवढं लोणी मागून आण. ठकीच्या ओठाला लावूया. आता काय बाई तेवढाच आधार हाय."

सोनकी पळतच गेली. तानूकाकीची एकच गाय, तीही थंडीनं आटत आलेली. तरी काकीनं पळसाच्या पानावर पांढरंशुभ्र, मऊसूत लोणी ठेवलं आणि म्हणाली, "जपून ने गं. दुसरं न्हाई माझ्याकडं."

घरी यायची वाट देवाच्या राईतून जायची. राईत गर्द हिरवी झाडं, त्यांच्या अंगावर मखमली शेवाळ, आणि मधोमध रातांब्याचं, म्हणजे कोकमाचं, एक उंचच उंच झाड. त्याच्या कोवळ्या पानांना लालसर झाक होती. तिथं पोचताच सोनकीला आवाज आला. कर्र, कर्र! वाळलेल्या पानावर किडा चालावा तसा.

तिनं वाकून बघितलं, तर काय! मुळाशी अंगठ्याएवढी एक परी बसली होती. अंगात निळसर, चमचमता झगा, केसांत दवाची इवली माळ. पाठीला चार पंख, पण चारही वाळून कडकडीत झालेले, कडांना तडे गेलेले. तिनं पंख हलवला की कर्र वाजायचं आणि तिचा नाजूकसा चेहरा वेदनेनं आक्रसायचा.

"अगं बाई! कोण गं तू?" सोनकीनं विचारलं.

"मी टिपूस. दवपरी आहे मी," ती बारीकशा आवाजात म्हणाली. "रात्री पानापानावर दव ठेवते आणि ऊन यायच्या आधी घरी जाते. पण काल तो उत्तरेचा वारा सुटला ना, त्यानं माझ्या पंखांतली ओल पिऊन टाकली. आता उडता येत नाही. आणि ऊन आलं तर मी सुकूनच जाईन."

सोनकीनं हातातल्या पानाकडे बघितलं. सुपारीएवढं तर लोणी! आणि तेही ठकूसाठी. 'अर्धं हिला, अर्धं ठकूला,' तिनं मनात ठरवलं आणि बोटाच्या टोकावर लोणी घेऊन हळूहळू उजवीकडच्या दोन पंखांना लावलं. पंख कसे लगेच मऊ झाले! इंद्रधनुष्यासारखे चमकले. टिपूस आनंदानं उडाली, आणि एकाच जागी गरागरा फिरायला लागली. उजवे पंख फडफडतायत, डावे आपले काठीसारखे ताठ! गिरकी घेत घेत ती धप्पकन शेवाळावर पडली.

सोनकीला असं हसू आलं म्हणून सांगू, पण ओठ फाटेल म्हणून तिनं ते गिळलं. आणि मग तिला रडू आलं. कारण समोरून ऊन पुढं सरकत होतं, आणि पानावर उरलेलं लोणी ठकूचं होतं. ठकूला आई आहे, आबा आहेत, मी आहे. या एवढ्याशा जिवाला इथं कोण आहे? सोनकीनं डोळे पुसले आणि उरलेलं सगळं लोणी डाव्या पंखांना लावलं.

टिपूस भुर्रकन उडाली. सोनकीच्या नाकासमोर तरंगत म्हणाली, "मला मदत केलीस आणि रडतेस का गं?"

सोनकीनं सगळं सांगितलं. टिपूस गंभीर झाली. मग तिनं रातांब्याच्या पानाचा एक चिमुकला द्रोण केला, त्यात चांदीसारखं चकचकीत काहीतरी ओतलं. ते पाणी नव्हतं, लोणीही नव्हतं, दोन्हींच्या मधलं काहीतरी होतं.

"एक मागणं माग. पण एकाच चेहऱ्यापुरतं हं. माझ्याकडे एवढीच ओल उरली आहे. तुझा चेहरा म्हणालीस तर आत्ता गुलाबाच्या पाकळीसारखा करते."

"माझा नको," सोनकी पटकन म्हणाली. "ठकूचा."

टिपूसनं तिच्याकडे क्षणभर बघितलं. "बरं. पण माझ्या जादूला नियम आहेत. ठकूचं तोंड कढत पाण्यानं धुवायचं नाही, कोमट पाण्यानं धुवायचं. फडक्यानं खसाखसा पुसायचं नाही, नुसतं टिपायचं. आणि गाल ओलसर आहेत तोवरच हे लावायचं. ओल आत असते तेव्हाच तिला कोंडता येतं."

"एवढंच?"

"नाही, अवघड पुढंच आहे. उद्या सकाळी या झाडाच्या शेंड्याला ऊन लागेपर्यंत तू स्वतःच्या ओठांवरून जीभ फिरवायची नाहीस. जीभ लावली की ओठ घटकाभर ओले होतात, पण ती ओल वाळताना आतलीही ओल घेऊन पळते. मागणाऱ्याच्या ओठांवरून ओल पळाली तर माझी जादूही तिच्या मागं पळेल. मग ठकू पुन्हा होती तशी!"

सोनकीची जीभ तेवढ्यात ओठांकडे निघालीच होती. सवयच ती! तिनं गपकन तोंड मिटलं आणि मान हलवली.

घरी आली तर आई ठकूला घेऊन बसलेली, शेजारी वाफाळतं पाणी. त्या गावात कातडी फुटली की कढत पाण्यानं शेकायची आणि जाड पंच्यानं घासून पापुद्रे काढायचे, अशीच रीत होती. मायेनंच करायचे हो सगळे. पण मायेनं केलं म्हणून चटका बसत नाही थोडाच!

"आई, थांब! कढत नको, कोमट घे. आणि घासू नको, टीप नुसतं."

"आगं, घासल्याबिगर कसं निघंल ते? आणि लोणी कुठाय?"

"लोण्याचं हे झालं," सोनकीनं द्रोण पुढं केला. "बघ तर खरं!"

आईला घाई होती. तिनं थंड पाण्याचं विसण घालून पाणी कोमट केलं. सोनकीनं ओलसर गालांवर ती चंदेरी ओल अलगद लावली. आणि बघता बघता पापुद्रे विरले, चिरा मिटल्या, ठकूचे गाल पिकल्या पेरूसारखे तुकतुकीत झाले! ठकूनं डोळे मिचकावले, तोंड उघडलं आणि आईला बिलगून चुटूचुटू दूध प्यायला लागली. आई तर गहिवरलीच. "माझं लेकरू पेलं गं बाई!" म्हणत तिनं सोनकीलाही कुशीत ओढलं.

पण सोनकीचा दिवस सोपा नव्हता. ओठ कोरडे ठणठणीत, चीर चुरचुरतेय, आणि जीभ दातांमागं खुंटीला बांधलेल्या वासरासारखी ओढ घेतेय. भाकरी खाताना तिनं एवढाले मोठे घास केले नाहीत, चिमणीसारखे केले, ओठाला काही लागू नये म्हणून.

संध्याकाळी आबांचा निरोप आला, "पोरींना घेऊन या. हंगामातला पहिला गूळ निघतोय."

सोनकीनं पटकन ओठ हातानं झाकले. कारण त्या गावची आणखी एक रीत होती. हंगामातला पहिला गूळ आधी जाळ घालणाऱ्याच्या लेकीच्या ओठांना लावायचा. तिनं जिभेनं चाटून 'गोड' म्हटल्यावरच बाकीच्यांनी खायचा. हंगामभर चुलीपुढं तोंड भाजून घेणाऱ्या माणसाला तेवढाच मान!

गुऱ्हाळावर गर्दी जमली होती. आभाळ केशरी, चुलवाणात लालभडक जाळ, आणि हवेत असा गोड, खमंग वास की विचारू नका! गूळ करणाऱ्या यसबा गुळव्यानं वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या पसरट हौदात, सोनेरी गूळ ओतला, तो निवू दिला. आबांनी धुतलेला शर्ट घातला होता. थंडीनं आणि जाळाच्या धगीनं त्यांचंही तोंड भेगाळलेलं, पण डोळे कसे चमकत होते. त्यांनी बोटावर कोमट गूळ घेतला आणि सगळ्या गावासमोर सोनकीच्या ओठांना लावला.

आई गं! त्या चिरेत गूळ असा झोंबला! आणि गोड वास थेट नाकात! जीभ उसळी मारून दातांपर्यंत आली. सोनकीनं दात घट्ट आवळले. ठकू तिच्या कडेवर होती.

"चाट की गं पोरी," यसबा म्हणाला.

सोनकीनं मान खाली घातली.

"का गं? कडू हाय व्हय माझा गूळ?" यसबाच्या कपाळाला आठी पडली. बाया कुजबुजायला लागल्या. लेकीनं पहिला गूळ नाकारला तर हंगाम वाईट जातो म्हणे! आबांचा चेहरा खर्रकन उतरला. "सोने," ते हळूच म्हणाले, "माझ्यावर रुसलीस व्हय?"

सोनकीचे डोळे भरून आले. चाटावं तर ठकूचं दूध तुटेल. न चाटावं तर आबांचा मान जाईल. काय करावं बाई या पोरीनं?

तेवढ्यात कडेवरची ठकू हात पुढं करून म्हणाली, "आं!"

सोनकीच्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. तिनं ओठांवरचा गूळ बोटानं अलगद पुसून घेतला, अगदी कणसुद्धा ठेवला नाही, आणि ते बोट ठकूच्या तोंडात दिलं. ठकूनं मचमच केलं. डोळे गोल केले. पुन्हा "आं!" केलं. आणि मग तो एकुलता एक दात दाखवून अशी खदखदून हसली की सगळं गुऱ्हाळ हसायला लागलं!

"आरं, लेकीनं चाखला की गूळ!" यसबानं मांडीवर थाप मारली. "ही बी तुझीच लेक हाय न्हवं रे! आणि गोड म्हणून सांगायला हिला बोलायची बी गरज पडली न्हाई!"

आबांनी दोघींना उचलून घेतलं. ठकू पहिल्यांदाच आपणहून हसली होती. ती सोनकीच्या तोंडाकडे बघत राहिली, ताई कधी उत्तर देते म्हणून. पण सोनकीला हसता येईना. तिनं नुसतं ठकूच्या डोक्यावर गाल टेकला.

दुसऱ्या दिवशी ठकूला कडेवर घेऊन सोनकी राईत गेली. रातांब्याच्या शेंड्याला पहिलं कोवळं ऊन लागलं आणि त्याखालच्या सावलीतल्या पानांतून टिपूस खाली उतरली.

"जीभ लावलीस?"

"नाही. एकदा दातापर्यंत आली होती, पण परत पाठवली."

टिपूस खुदकन हसली. "मागणं एकच होतं, ते तू बहिणीला दिलंस. आता हे मागितल्याशिवायचं घे." तिनं आपला मऊ, ओला पंख सोनकीच्या गालांवरून आणि ओठांवरून फिरवला. मग झाडाच्या बुंध्याकडे बोट दाखवलं. तिथं मुठीएवढा पांढरा गोळा होता. "हे या झाडाचं लोणी. उन्हाळ्यात रातांबे खाल्ले की बिया फेकू नका. वाळवा, कुटा, पाण्यात उकळा. वर तवंग येईल, तो निवला की मुठीनं वळून ठेवा. थंडीत थोडंसं पातळ करून ओलसर गालांना लावा, म्हणजे परीची वाट बघावी लागणार नाही."

"पुन्हा येशील?" सोनकीनं विचारलं.

"रोज रात्री येते की! पानावर दव दिसलं की समज." असं म्हणता म्हणता ऊन तिच्या पंखांवर पडलं. निळा, हिरवा, गुलाबी, केशरी असा लखलखाट झाला, सोनकीनं डोळे मिटले. उघडले तेव्हा पानावर दवाचा एकच थेंब थरथरत होता.

सोनकीनं ओठांना बोट लावलं. चीर नव्हती. गालांना लावलं. मऊ! तिनं कडेवरच्या ठकूकडे बघितलं, आणि काल गुऱ्हाळावर राहून गेलेलं हसू तिला परत दिलं. चांगलं तोंडभरून, कानापर्यंत. ठकूही हसली. मग सोनकी, मग पुन्हा ठकू. त्या खेळात राईतल्या चिमण्यासुद्धा सामील झाल्या.

घरी गेल्यावर सोनकीनं आबांना कोमट पाण्यानं तोंड धुवायला लावलं, आणि ओल्या गालांवर ते झाडाचं लोणी स्वतःच्या हातानं लावलं. आबा म्हणाले, "आगं, मला कशाला? मी काय पोर हाय?" पण जागचे हलले मात्र नाहीत.

तेव्हापासून त्या गावात कुणी रातांब्याच्या बिया फेकत नाही. थंडी अजूनही येते, फटीतून डोकावते, आगाऊपणा करते, आणि हसरे गाल बघून खट्टू होऊन परत जाते. तिची खोड मोडली, आपली गोष्ट गोड झाली.