दुपारची बंदी

फार पूर्वी, म्हशी आणि पाखरं एकमेकांशी तोंड वाजवून भांडत तेव्हाची ही गोष्ट. गुरांच्या अंगावरचे गोचीड वाटेल त्याने वेचायचे नाहीत, पंचांनी ज्याच्या पायात लाल दोरा बांधलाय त्याच पाखराने वेचायचे, असा रिवाज होता. पंचही त्याच कामावर पोट भरणारी पाखरंच.

चंद्री म्हशीने दोरा बघूनच डोमकावळ्याला पाठीवर बसू दिलं. त्याने गोचीड सोडले आणि तिच्या जखमेत चोच खुपसून मांस खाल्लं. चंद्री तशीच रक्ताळलेल्या पाठीने पंचांपुढे उभी राहिली.

बगळा, साळुंकी आणि इतर पंच बाभळीवर बराच वेळ कुजबुजले. मग बगळा घसा खाकरून म्हणाला, "अपराध गंभीर आहे. डोमकावळ्याने महिनाभर दुपारी कुणाच्याही पाठीवर बसायचं नाही!"

"अहो, दुपारी आम्ही सगळ्या डोहात डुंबत असतो!" चंद्री कडाडली. "तेव्हा पाठ असते कुठे वर? शिक्षा म्हणायची ही?"

"निकाल लागला," बगळा म्हणाला. डोमकावळा दोरा मिरवत उडून गेला.

दुसऱ्या दिवशी झाडून सगळ्या म्हशी डोहातून निघाल्या त्या चिखलात लोळूनच. अंगावर चिखलाचा असा जाड थर, की गोचीड चिकटेना आणि पाखरांना चोच घालायला जागा मिळेना.

संध्याकाळपर्यंत उपाशी राहिलेली साळुंकी काकुळतीला आली. "चंद्रीताई, मी कधी कुणाची जखम टोचली का गं?"

"नाही टोचलीस," चंद्री म्हणाली. "पण काल निकाल सांगताना बाभळीवर बसली होतीस, तेव्हा ही चोच मिटून का ठेवली होतीस?"