कडू सालीची वाटणी

फार जुनी गोष्ट आहे; इतकी जुनी, की तेव्हा डोंगरांनाही नावं पडली नव्हती. अशाच एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. पावसाळा सरत आला की गावात ताप यायचा. त्यावर औषध एकच, रानातल्या एका झाडाची कडू साल. झाडं थोडी होती, म्हणून म्हातारा वैदू साल जपून काढायचा.

गावाची रीत अशी, की गावच्या कोठारात ज्याने जास्त धान्य घातलं, त्याला साल आधी. ऐकायला बरं वाटतं, नाही? पण झालं काय, धान्याचा व्यापारी नुसता शिंकला तरी साल उकळायचा, आणि तापाने फणफणलेल्या गरिबाची पाळी येईपर्यंत टोपली रिकामी व्हायची. रोग रेड्याला आणि औषध पखालीला!

त्या वर्षी कुंभारणीच्या मुलीला ताप भरला. पोर डोळे उघडेना. कुंभारीण रांगेत अगदी शेवटी उभी होती.

"वैदूबाबा, माझ्यापर्यंत पुरेल ना?" तिने विचारलं. वैदूने टोपली तिरकी करून तिला दाखवली; साल थोडीच होती.

रांगेत पहिला होता गावचा नाईक. त्याचे गुडघे दुखत होते, पण मन मऊ होतं. तो म्हणाला, "मधाचं पोळं आपण कसं वाटतो? सगळ्यांना सारखं. आज सालही तशीच वाटू."

लोकांना ते पटलं. सालीचे तुकडे झाले आणि प्रत्येकाच्या हातावर नखाएवढा एकेक आला. कुंभारणीने आपला तुकडा डोळ्यांना लावला.

वैदू हळूच म्हणाला, "नाईक, थेंबभर मधानेही जीभ गोड होते. एवढ्याशा सालीने मात्र कुणाचाच ताप उतरायचा नाही. पोरीला ओंजळभर लागेल."

झाली का पंचाईत! नाइकाने डोकं खाजवलं.

"असं करू," तो म्हणाला. "आज साल मिळाली नाही तर आपलं काय होईल, एवढंच प्रत्येकाने सांगायचं. माझे गुडघे आणखी काही दिवस ठणकतील."

"माझं नाक गळेल," व्यापारी पुटपुटला, आणि लोक हसले.

"माझी पोर जाईल," कुंभारीण म्हणाली.

मग कुणी हसलं नाही. नाइकाने आपला तुकडा तिच्या पदरात टाकला. व्यापारी जरा घुटमळला, पण त्यानेही टाकला. बघता बघता पदर भरला.

रांगेत एक जख्ख म्हातारा होता. त्याचं दुखणं सालीच्या पलीकडे गेलं होतं. त्यानेही आपला तुकडा दिला. पण गावाने त्याला वाऱ्यावर सोडलं नाही. त्याच्या उशाशी पाळीपाळीने बसायचं, असं तिथेच ठरलं.

मुलीचा ताप उतरला. तिने भाकरी मागितली तेव्हा कुंभारणीला रडूच फुटलं. गावाने जुनी रीत मोडली. आता शिंकेसाठी कुणी साल मागेना. झाडांना श्वास घ्यायला वेळ मिळाला, त्यांच्यावर नवी साल धरली, आणि पुढच्या वर्षी तापाने आजारी पडलेला एकही माणूस रिकाम्या हाताने परतला नाही.

तात्पर्य: औषध वाटताना माणूस किती मोठा हे पाहू नये, ते न मिळाल्याने कुणाचं नुकसान सर्वांत मोठं होईल, हे पाहावं.