विश्वंभर वैद्याचा दहावा

"आपला पिंड आपणच ठेवला, तर कावळा शिवत नाही का, महाराज?"

सोमगिरी महाराज मठाच्या ओट्यावर गुडघ्याला तेल चोळत बसले होते. दुपार कलली होती. त्यांनी मान वर केली नाही.

"कोण?"

आलेला तरुण उत्तर न देता ओट्यावर बसला. पंचविशीचा असेल. अंगावर ओला पंचा, डोकं सकाळीच भादरलेलं.

"बस म्हणायच्या आत बसलास," महाराज म्हणाले, "म्हणजे विश्वंभर."

"तुम्ही मला ओळखलंत?"

"मोतीबिंदू पिकलाय. ऊन आणि सावली एवढंच कळतं. म्हणून ओळखलं. ज्यांना दिसतं ते फसले असतील."

"सगळे फसले."

"खाली तुझा दहावा चाललाय म्हणे. आणि तू वर काय करतोस?"

मठाच्या पायऱ्या जिथं संपतात तिथं नदीचा घाट होता. घाटाच्या कडेला दर्भावर पिंड ठेवला होता. त्याच्यापासून थोड्या अंतरावर पांढऱ्या केसांची एक बाई बसली होती. जवळच्या करंजाच्या फांदीवर एक कावळा होता. तो बाईकडं बघत होता, पिंडाकडं नाही.

ती द्वारका. विश्वंभर वैद्याची बायको.

विश्वंभर सत्तरीचा होता. त्याच्या हाताला गुण होता. डोंगराखालच्या गावांतून माणसं बाजेवर यायची आणि चालत परत जायची. स्वतःच्या घरात मात्र पाळणा हलला नव्हता. त्यासाठी द्वारकेनं त्याला कधी औषध मागितलं नाही. देवाकडं एकच मागितलं, कपाळावर कुंकू असताना जाऊ दे.

यंदा पत्रिका पाहणारा एक जण म्हणाला, बाई आधी जातील, वर्षाच्या आत. द्वारका हसली आणि त्याच्या हातावर गूळ ठेवला.

विश्वंभर हसला नाही.

"काय केलंस ते सांग," महाराज म्हणाले. "मी ऐकलंय. तुझ्या तोंडून ऐकू दे."

"तुम्ही शिकवलंत तेच केलं. कायाकल्प. म्हातारी काया टाकून नवी घेणं."

"शिकवला होता. कर म्हणालो नव्हतो."

"गावाला जगवायचं आणि घरातलं माणूस पत्रिकेच्या हवाली करायचं? मग वैद्य कशाला म्हणवून घ्यायचं?"

"पुढं."

"कड्यावरची ती वेल यंदा फळली. पुन्हा आपल्या हयातीत फळणार नाही. दोघांपुरता अवलेह झाला. एक वाटा तिचा."

"मग तिला का नाही दिलास?"

विश्वंभरनं त्यांच्याकडं असं पाहिलं, जणू हा प्रश्न त्यांनी विचारायचाच नव्हता.

"औषध आधी वैद्यानं घ्यायचं. रोग्याच्या जिभेवर नंतर. हे तुम्हीच घोटून घेतलंत ना माझ्याकडून?"

"घेतलं होतं."

"मी तेच केलं. बिनखिडक्यांची कुटी बांधली. आत गेलो. एकदा सुरू केलं की मधे उठता येत नाही, उठला तो मेला. उठलो नाही. बाहेर येईपर्यंत तिचा वाटा नासला होता. बुरशी धरली होती."

"तिला सांगून गेला होतास?"

"अनुष्ठान आहे म्हणालो."

"खरं का नाही सांगितलंस?"

"नको म्हणाली असती."

महाराजांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. वाटी ओट्याच्या कडेला गेली, ती विश्वंभरनं सरकवून आत घेतली.

"मग मेलास कसा?"

विश्वंभरनं पंच्याचं टोक पिळलं.

"सांग. लाजतोस काय? तरुण माणसं लाजत नाहीत."

"पहाटे कुटीतून बाहेर आलो आणि नदीवर गेलो. पाण्यात तोंड बघायला." तो थांबला. "जरा जास्तच रेंगाळलो. तेवढ्यात ती दूध घेऊन आली. दार उघडं. आत गवतावर माझे पांढरे केस, दात, नखं. कात टाकावी तशी सोललेली कातडी. रक्त. लोक धावले. म्हणाले, बिबट्यानं नेलं."

"आणि तू?"

"मी पोचलो तेव्हा ती ते केस गोळा करत होती. एकेक. मला बघून विचारलं, तू ह्यांचा शिष्य का रे? माझ्या तोंडून शब्द फुटेना. मग म्हणाली, गोत्र कोणतं तुझं? मी सांगितलं. तर म्हणाली, ह्यांचंच की. मग अग्नी तूच दे, बाळ, आम्हाला कुणी नाही."

"दिलास."

"दिला. महाराज, त्यांनी जे जाळलं ते माझंच होतं."

खाली भटजी उठून उभे राहिले, पुन्हा बसले. कावळा खालच्या फांदीवर आला. द्वारकेनं हात जोडले. इथवर ऐकू येत नव्हतं, तरी ती काहीतरी बोलत होती हे दिसत होतं.

"कावळ्याशी बोलतेय," विश्वंभर म्हणाला. "सकाळपासून. अहो, तुमची औषधी झाडं सुकू देणार नाही. अहो, पोथ्या कुणाला विकणार नाही. अहो, तुमच्या बहिणीशी अबोला सोडते, ती चुकली होती तरी मीच आधी बोलेन. एकेक कबूल करतेय. कावळा खाली येतो, मान तिरकी करतो, परत जातो."

"बहिणीचं कबूल केलं? मग तुझ्यासाठी बरंच सोसतेय ती."

विश्वंभरच्या चेहऱ्यावर हसू यायला निघालं होतं, ते आलं नाही.

"भटजी म्हणाले, दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्रात सोय आहे. तर ती म्हणते, गवताच्या कावळ्याला फसायला ते काय माझ्यासारखे भोळे होते? खरा शिवेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायची नाही म्हणून बसलीय. उन्हात."

"तू वैद्य आहेस. किती तग धरेल?"

"नाडी पाहिली. दहा दिवस धड खाल्लेलं नाही. आजची रात्र काढणार नाही." त्यानं आपला उजवा हात उलटा करून पाहिला. "मनगट धरलं तर म्हणाली, तुझा हात ऊन आहे रे. ह्यांचा थंडगार असायचा."

महाराजांनी गुडघा सरळ केला.

"मी तिला सांगितलंय, महाराज. तिसऱ्या दिवशी. एकटी होती तेव्हा. म्हणालो, द्वारके, मीच तो. तर म्हणाली, दुःखातल्या माणसाची थट्टा करू नये. मग मी तिला अशा गोष्टी सांगितल्या ज्या तिला आणि मलाच ठाऊक."

"पटलं?"

"नाही. हातातली वात खाली ठेवली. मग विचारलं, हेसुद्धा त्यांनी शिष्याला सांगितलं होतं? आणि पदर डोक्यावर ओढून भिंतीकडं तोंड केलं. तिच्याजवळ माझं जे उरलं होतं, त्यातलंही मी काढून घेतलं."

वारा आला. पायऱ्यांवरची पानं थोडी सरकली आणि थांबली.

"मला म्हातारा करा," विश्वंभर म्हणाला. "तेवढ्यासाठी आलोय. एका दिवसापुरता करा. सुरकुत्या द्या, दात पाडा. मी खाली जाऊन तिच्यासमोर उभा राहतो."

"तसलं औषध नाही."

"तुम्हाला येतं. तुम्ही लपवताय."

"हा गुडघा बघ," महाराज म्हणाले. "तसलं काही देता आलं असतं, तर आधी हाच कुणाच्या तरी गळ्यात घातला असता."

"संन्यास घेताना मी माझा पिंड ठेवला होता," थोड्या वेळानं महाराज म्हणाले.

"कावळा शिवला?"

"लगेच."

"मग माझाच का नाही?"

"माझ्या मागं कुणी बसलं नव्हतं. मलाही कुणाकडून काही नको होतं. तुझ्या मेलेल्याला काय हवंय?"

"मेलेल्याला?"

"ज्याचा पिंड आहे त्याला. त्याचं काहीतरी राहिलंय म्हणून कावळा अडलाय ना? ती बिचारी अंदाजानं एकेक सांगतेय. झाडं, पोथ्या, नणंद. तुला नक्की ठाऊक असेल."

विश्वंभर पायऱ्यांकडं बघत राहिला.

"तिनं मला ओळखावं," तो म्हणाला.

"हं."

"दुसरं काही नाही."

"ते ती कबूल करू शकत नाही. तिला ते माहीतच नाही. मग राहिलं कोण कबूल करायला?"

"मी सकाळीच म्हणालो, द्वारकेला मी सांभाळीन. मनात म्हणालो."

"मनात कशाला? ज्यानं अग्नी दिला त्यानं मोठ्यानं सांगायचं असतं. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"मोठ्यानं म्हणेन. काय म्हणू?"

"अग्नी कोण देतो?"

"मुलगा."

"मग तिला काय म्हणून हाक मारशील?"

विश्वंभर उठला. ओट्याच्या टोकापर्यंत गेला आणि परत आला.

"नाही," तो म्हणाला. "ते नाही. तिचा हात धरून मी तिला घरी आणली आहे. हळदीचं अंग होतं तिचं. तो शब्द तिला आयुष्यात कुणी म्हटला नाही. तो आता माझ्या तोंडून ऐकवू?"

"दुसरं कोण ऐकवणार?"

"आणि कावळा शिवला की झालं. मग ती खरीच विधवा. आज तिनं कुंकू पुसलंय, पण मी जिवंत आहे. ती अजून सवाष्ण आहे, महाराज. जन्मभर तिनं तेवढंच मागितलं. आणि ते मी माझ्या हातानं संपवू?"

"मग संपवू नकोस. बसू दे तिथंच. रात्रीपर्यंत जाईल. सवाष्ण जाईल."

"तिला ते ठाऊक नसेल."

"तुला ठाऊक असेल."

"मला ठाऊक असून काय उपयोग? ती विधवा म्हणून तहानेनं मरेल, आणि मी वर उभा राहून मोजत बसू की नाही, सवाष्णच गेली?"

महाराजांनी तेलाची वाटी चाचपली.

विश्वंभर त्यांच्यासमोर खाली, मातीत बसला. त्याचे खांदे रुंद होते. त्यांचं काय करावं हे त्याला कळत नसल्यासारखा तो वाकून बसला होता.

"विश्वंभरा, तुला काय हवंय?" महाराजांनी विचारलं. "तिनं जगावं? की तुझी म्हणून जगावं?"

विश्वंभरनं मातीत बोटानं एक रेघ ओढली.

"औषध बनवलंस तेव्हा तुला काय हवं होतं?"

विश्वंभरनं ती रेघ पुसली.

"आणि तिला विचारलं असतंस, तर तिनं काय मागितलं असतं?"

विश्वंभरनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तो रडला नाही. सावली ओट्याची एक फरशी ओलांडून पुढं गेली.

महाराज हातानं चाचपत उठले. कोपऱ्यातल्या माठातून तांब्या भरला. डोळ्यांना दिसत नसल्यानं थोडं पाणी बाहेर सांडलं. तांब्यावर फुलपात्र पालथं घालून त्यांनी तो त्याच्यासमोर धरला.

"शिवल्यावर लगेच दे. एकदम घटाघट पिऊ देऊ नकोस. हे तुला सांगायला नको."

विश्वंभरनं तांब्या घेतला.

"ती किती जगेल?" त्यानं विचारलं. मग स्वतःच म्हणाला, "वर्ष. वर्षाच्या आत जाईल. पत्रिका खोटी नव्हती."

"तेवढे दिवस तिला भाकरी करून घालणारं कुणी तरी लागेल."

"मला भाकरी येत नाही."

"शीक. हात नवे आहेत."

तो पायऱ्या उतरू लागला. थोडं खाली जाऊन थांबला. त्याचे ओठ हलले. त्या एका शब्दासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. आवाज आला नाही.

खाली द्वारकेची मान एका बाजूला कलली होती. भटजींनी तिच्यावर छत्री धरली होती. कावळा फांदीवरच होता.

विश्वंभरनं मागं वळून पाहिलं.

"महाराज, ती गेल्यावर माझ्यापुढं अख्खं आयुष्य उरतंय. मी जाईन तेव्हा मला ओळखणारं कुणी नसेल. तेव्हा माझा पिंड कोण ठेवील?"

सोमगिरी महाराज पुन्हा ओट्यावर बसले होते. गुडघ्यावर तेलाचा हात फिरत होता.

"तुझा खाली ठेवलाय," ते म्हणाले. "ऊन उतरायच्या आत जा."