शाफ्टच्या गाडीचं सील

“किती वेळा बदललंस म्हणालास?”

“तीन वेळा, वस्ताद. तिन्ही सीलं अस्सल. तरी तेल गळायचं थांबत नाही.”

दस्तगीर वस्ताद मिरजेतल्या आपल्या गॅरेजच्या दारात स्टुलावर बसून चहा फुंकत राहिले.

सुकुमार उभाच. पुण्यात त्याचं स्वतःचं गॅरेज, हाताखाली बारा माणसं, शब्द खाली पडू देत नाहीत. इथं मात्र त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं, आणि म्हटल्याशिवाय बसायची त्याची छाती होईना.

मोटारसायकल शाफ्टची. हिला चेन नाही, मागचं चाक लोखंडी दांडा फिरवतो. मागच्या चाकाला चिकटून गिअरची बंद पेटी, पेटीत तेल, आणि ते अडवायला रबरी सील. सुकुमार इथं शिकायला होता तेव्हा भंगारातून आणून वस्ताद आणि त्याने मिळून ती उभी केली होती. अख्खा उन्हाळा गेला त्यात. वस्तादांच्या घरून भाभींचा डबा यायचा आणि दोघं काळ्या हातांनी एकाच डब्यात जेवायचे. काय दिवस होते ते, पुन्हा तसली भूक कधी लागली नाही.

आणि मग एका सकाळी सुकुमार त्याच गाडीवर बसून पुण्याला निघून गेला. वस्तादांना सांगितलंसुद्धा नाही. त्या गोष्टीला आता एकोणीस वर्षं झाली होती.

माफी मागायची, हे तो कराडपासून घोकत आला होता. पण तोंड उघडलं की सीलाचंच पुराण सुरू व्हायचं.

“मला वाटतं बेअरिंग ढिलं असेल, नाहीतर सीलाची बैठक...”

“पूस.”

त्याने पेटी लख्ख पुसली. वस्तादांनी आतून अंगाला लावायची पावडर आणली आणि पेटीवर सगळीकडून भुरभुरली.

“म्हैसाळपर्यंत जाऊन ये.”

तो गेला. रस्ता तोच, दोन्ही बाजूंना ऊसही तोच. याच रस्त्यावर मागे बसून वस्ताद विचारायचे, आवाज कुठून येतोय सांग. सुकुमारचे डोळे भरून आले. वाऱ्याने येतंय पाणी, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

परत आला तेव्हा सीलाखालची पावडर ओली झाली होती.

“बघा. सीलच आहे. मी म्हणत होतो...”

वस्तादांचं बोट मात्र पेटीच्या वरच्या अंगावर फिरत होतं.

“रंग कुणी मारला?”

“मीच. दिवाळीला. तीन हात दिलेत, वस्ताद. जीव ओतून काम केलंय.”

“आणि गळायला कधी लागली?”

“दिवाळीनंतर...”

वस्ताद आत जाऊन स्टोव्हची पिन घेऊन आले. पेटीच्या माथ्यावर एक बारीक भोक होतं, रंगाखाली पार बुजलेलं. त्यांनी पिन खुपसली.

फुस्स... कोंडलेली हवा कितीतरी वेळ बाहेर येत राहिली.

सुकुमार तिथंच जमिनीवर बसला. पेटी तापली की आतली हवा फुगते. तिला वरून वाट नसेल तर ती तेलाला सीलातून बाहेर ढकलते. हे त्याला याच माणसाने, याच दारात शिकवलं होतं.

“म्हणजे सील चांगलंच होतं.”

“बिचारं धरून होतं. किती धरणार...”

सुकुमारने फडक्याने ओली पावडर पुसून काढली.

“मग... तेल कुठलं भरू, वस्ताद?” सुकुमारने विचारलं. बारा माणसांना तेलाचे नंबर पाठ करून घेणारा हा गडी, आणि हे विचारत होता.

वस्ताद गुडघ्यावर हात टेकत त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. पिनेवरचा रंग त्यांनी नखाने काढला.

“गाडीचं झालं,” ते म्हणाले. “आता तू बोल.”