राहुटीत आलेला पंच

"आशीर्वाद द्यायला तुम्हाला अडचण काय आहे, आक्का?"

सुयोगनं आवाज चढवून विचारलं. आल्यापासून तो हेच विचारत होता.

आक्का लसूण सोलत होत्या. सोलतच राहिल्या...

मी पेटीपाशी बसलो होतो. खरं सांगतो, माझा हात शिवशिवत होता. पोराच्या कानाखाली जाळ काढावा असं वाटत होतं. राहीआक्कांसमोर असा आवाज? या बाईनं उभी हयात तमाशाच्या फडात काढली. वगात राण्या केल्या, सावकारणी केल्या, म्हाताऱ्याही केल्या. पाय थकल्यावर घरी बसल्या आणि गावातल्या पोरांना उभं राहायला, बोलायला शिकवू लागल्या. मी त्यांचा पेटीमास्तर. आणि सुयोग डोके त्यांचा सगळ्यात गुणी चेला.

सगळ्यात गर्विष्ठही तोच.

"उद्या मुंबईला सही आहे," तो म्हणाला. "सनी सर माझे एजंट होणार. सिरियल, सिनेमा, जाहिराती, सगळं तेच बघणार."

"सगळं म्हंजे?"

"सगळं म्हणजे सगळं. दहा वर्षं कुठलंही काम त्यांच्याच मार्फत करायचं. बाहेर कुणाशी बोलायचंसुद्धा नाही."

"आणि त्यांनी काम न्हाईच दिलं तर?"

"देणार ना!"

"न्हाई दिलं तर?"

"तरी... त्यांच्याच मार्फत."

आक्कांनी लसणाची पाकळी ताटलीत ठेवली. दुसरी उचलली नाही.

"आणि तू काय देणार?"

"फोटोंचे पैसे. त्यांच्याच स्टुडिओत काढावे लागतात, दुसरीकडचे चालत नाहीत. शिवाय रजिस्ट्रेशन." त्यानं खांद्यावरच्या सॅकवर थाप मारली. "सोय झालीय. आईनं म्हशी विकल्या."

"दोन्ही?"

"दोन्ही."

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. अरे, त्या घरात दुसरं होतं काय? बाप गेल्यापासून त्या माऊलीनं डेअरीला दूध घालून या नवाबाला कॉलेजात धाडलं. आता तिच्या दावणीला जनावर नाही. आणि हा सॅकवर थापा मारतोय!

"अरे गाढवा..." मी उठलोच.

आक्कांनी नुसता हात वर केला. मी बसलो. पण गप्प बसायला मला फार त्रास झाला.

"मास्तरांना चीड आलीय," आक्का म्हणाल्या. "मलाबी आलीय. पण ते र्‍हाऊ दे. सुयोग, तो दोरीवरचा टॉवेल घे. डोक्याला गुंडाळ."

"कशाला?"

"सोंग घ्यायचंय."

"आक्का, मी उद्या मुंबईला चाललोय आणि तुम्हाला तालीम सुचतेय?"

"जाता जाता करून जा बाबा. म्हातारीला तेवढंच."

आता इथं एक गोष्ट सांगायला हवी. चैत्रात आमच्या भागात गावोगाव जत्रा असतात. त्याआधी तमाशाचे फड आमच्या गावच्या माळावर येऊन राहुट्या टाकतात. गावांचे पंच येतात, या राहुटीतून त्या राहुटीत फिरतात, आणि एखादा फड मनाला पटला तर त्याला जत्रेच्या खेळाची सुपारी देतात. पण पटणं सोपं नसतं. पंच म्हणजे एकापेक्षा एक बेरकी. फुकटचा चहा पितील, पान खातील, आणि फडाच्या मॅनेजरला उलटसुलट विचारून घाम फोडतील. सुयोग या राहुट्यांतच खेळत वाढला. ती माणसं त्याच्या अंगात मुरलेली.

"तू पंच," आक्का म्हणाल्या. "मी राहुटीतली मॅनेजर. तुला गावासाठी फड ठरवायचाय. ये."

सुयोगनं तोंड वाकडं करून टॉवेल गुंडाळला. अंगणात गेला. पाठमोरा उभा राहिला...

वळला तेव्हा तो सुयोग नव्हता.

पोट पुढं आलं होतं. डोळे बारीक झाले होते. तळहातावर नसलेली तंबाखू मळत, एक पाय जरा ओढत तो पायरी चढला. अंगात कला आहे मेल्याच्या! रागातसुद्धा मला ते कबूल करावं लागलं.

"राम राम, बाई."

"राम राम, पाव्हणं. बसा. च्या सांगू?"

"च्या मागनं. आदी सांगा, फड कुणाचा?"

"सनी सरांचा."

त्याच्या बोटांत तंबाखू क्षणभर थांबली. पण नट पक्का. त्यानं सोंग सोडलं नाही.

"न्हाई आइकलं कधी."

"लई मोठा फड हाय. पार मुंबईपत्तुर नाव हाय."

"आसंल. गेल्या साली खेळ कुठं केला?"

"लई गावांत केला."

"लई नको. एक सांगा. त्या सरपंचाला हितनंच फोन लावतो."

"नावं सांगता येत न्हाईत, पाव्हणं. आमचं समदं गुप्त असतंय."

"गुप्त?" तो खो खो हसला. "बाई, तमाशा गुप्त आसतो व्हय? तुमची हलगी चार शिवारं पलीकडं आइकू येती!"

मीही हसलो. मघाचा राग विसरून हसलो.

"बरं, सोंगाड्या कोन हाय? बोलवा, बघू द्या."

"खेळाच्या दिवशीच बघा."

"आन् आमच्या गावची जत्रा तुमी पायलीय का? मानसं कशी हायती, काय आवडतं, काय न्हाई?"

"बघायचं काय त्यात? गावाच्या तोंडावरनंच कळतंय. लई भारी गाव हाय तुमचं!"

"गावाला तोंड कुठनं आलं वो?" त्यानं डोळे आणखी बारीक केले. "उगा गोड बोलू नगा. मुद्द्याचं बोला."

"मुद्द्याचं म्हंजे, सुपारी आत्ताच द्या. दुसरं गाव दारात उभं हाय. आणि मांडव आमच्याच माणसाकडनं घालायचा. त्याचं पैसं आधी."

"मांडव आमचा आमी घालतो."

"चालत न्हाई. आणि दहा वर्सं दुसरा फड गावात आणायचा न्हाई."

"तुमचा आला न्हाई तर?"

"तरी न्हाई."

"म्हंजी..." तो सावकाश उठला. "दहा वर्सं आमच्या द्येवाची जत्रा मुकी?"

"आमच्यावर इस्वास ठेवा की, पाव्हणं."

"इस्वास? ए बाई!" आवाज असा फुटला की समोरच्या घरातली बाई दारात आली. "आमी काय खुळं वाटलो तुला? ही गावाची वर्गनी हाय! येकेक म्हातारीनं पदराची गाठ सोडून दिलीया. पोटाला चिमटा काढून दिलीया. ती तुज्या घशात घालू? नाव सांगता येईना, मानूस दाखवता येईना, आन् पैसं तेवडं आदी पायजेत? उपटा ही राहुटी! चोर हायसा तुमी! म्हातारीच्या पदराची गाठ..."

तो थांबला.

तोंड उघडंच राहिलं...

समोरची बाई दारातून आत गेली.

सुयोगचा हात सॅकच्या पट्ट्यावर गेला. तो पट्टा त्यानं घट्ट धरला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं पाहिलं.

"सनी सर..."

"घे की," आक्का म्हणाल्या. "मोठ्यानं लाव. आणि टॉवेल काढू नगंस."

त्यानं स्पीकर लावला.

"काय हिरो! उद्या येतोयस ना? नऊला पोच, दहाला फोटो, लगेच सही."

"सर..." सुयोगचा आवाज आधी बारीक निघाला. मग त्यानं डोक्यावरचा टॉवेल हातानं चाचपला. पोट पुढं काढलं. "सर, तुम्ही ज्यांना काम मिळवून दिलंत, त्यातल्या एकाचा नंबर द्याल? मला बोलायचंय."

"नंबर? अरे, ते कॉन्फिडेन्शियल असतं."

"सिरियलचं नाव तरी सांगा. कुठली, कोण होतं त्यात?"

"हे बघ, तुला मोठं व्हायचंय का चौकशा करायच्यात?"

"कराराचा कागद आज पाठवा. इथं वकिलाला दाखवतो, मग येतो."

"वकील?" आवाजातला गोडवा गेला. "ए भाऊ, तुझ्यासारखे पन्नास जण खाली रांगेत उभे आहेत. आज हो म्हण, नाहीतर जागा गेली."

"सर, एकच सांगा. मला काम करताना तुम्ही कुठं पाहिलंत?"

"पाहायचं काय त्यात? तुझ्या चेहऱ्यावरच लिहिलंय. स्टार आहेस तू!"

"मी काम केलेलं एकदाही पाहिलं नाहीत?"

फोन बंद झाला. त्यानं परत लावला. लागेना. परत लावला. नंबर ब्लॉक.

काय सांगू, माझ्या अंगाची लाहीलाही झाली! कोण कुठला भामटा, एका विधवा बाईची दावण मोकळी करून मोकळा होणार होता. पोराची दहा वर्षंही खिशात घालणार होता. आणि असे किती सनी सर किती गावांतल्या पोरांना स्टार म्हणत बसले असतील? नवीन नट म्हणजे यांना चरायला कुरणच. नाव मोठं, ऑफिस काचेचं, आणि आत सगळा भुसा. मी तोंडाला येईल ते बोललो. सगळं इथं लिहिता येणार नाही.

सुयोगनं टॉवेल ओरबाडून काढला आणि भिंतीवर फेकला.

"सगळे चोर आहेत!"

आक्कांनी लसणाची पाकळी उचलली.

"एजंट म्हणजेच चोर! आई काय म्हणेल? गावात सगळ्यांना सांगून बसलोय मी. कुणाकडं जायचं आता? खरा एजंट नसतोच जगात. एकजात सगळे सारखे!"

"समदे?"

"सगळे! ती पुण्याची बाई तरी काय वेगळी?"

"कोण पुण्याची बाई?"

"आहे एक. ती पण एजंटच. गेल्या महिन्यात गेलो होतो तिच्या ऑफिसात. तुम्हाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं होतं काय?"

"आता सांग."

"निम्मी दुपार उभं केलं मला. एकच उतारा पुन्हा पुन्हा करून घेतला. मोबाइल बाजूला ठेवून नुसती बघत होती. वर म्हणते, वाक्याचा शेवट गिळतोस, हात कुठं ठेवायचे ते कळत नाही तुला. एवढ्यात मी तुला घेणार नाही. आधी नाटकात उभा राहा, वर्षभरानं परत ये, पुन्हा बघते."

"हं..."

"आणि हे दोन नटांच्या समोर! तिच्याकडचेच होते. एकाला तर आपण रोज टीव्हीवर बघतो. तो मला म्हणाला, काही विचारायचं असेल तर फोन कर, नंबर घे. मी घेतलाच नाही. कुणाला हवीय त्याची दया?"

"पैसं किती मागितलं तिनं?"

"मागितले नाहीत."

"फोटोचं?"

"मोबाइलवर काढलेले चालतील म्हणाली. म्हणाली, काम लागलं की त्यातला वाटा घेईन, त्याआधी एक पैसा नको... पण म्हणून काय झालं? अपमान केला तिनं माझा! मी आहे कोण, काय आहे, काही किंमतच नाही. मग मीही तिथं थांबलो नाही. तडक उठलो, दार आपटलं आणि जिना उतरलो."

आक्कांनी ताटली बाजूला सारली. भिंतीला धरून उठल्या. सोंगात कितीही राण्या केल्या असतील त्यांनी, पण एवढ्या ताठ उभ्या राहिलेल्या मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

सुयोग एक पाऊल मागं सरला.

"आक्का...?"

आक्कांनी त्याच्याकडं पाहिलं.

"मेल्या, तू तिला नमस्कारबी न करता आलास?"